छपरावरून केळ दिसते

रुसाबिरा, ४ फेब्रुवारी २००१

अहो इमेल्डाच्या बाबा,

अक्षर बघून दचकू नका. माझंच आहे. आजवर चर्चमधले थार्सिस मास्तर लिहून द्यायचे, आणि दर पत्रात "देवाच्या कृपेने इकडे सर्व क्षेम" असायचं ना, ते त्यांच्या पदरचं. मी एकदाही तसं सांगितलं नव्हतं. मी सांगायचे, शेळी मेली, घेवडा किडला, तुमची आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मास्तर मान डोलवायचे आणि क्षेम लिहायचे. आता बायकांच्या मंडळात आठवड्यातून दोनदा अवोकाडोच्या झाडाखाली लिहायला शिकवतात. सात महिने लागले मला. इमेल्डा म्हणते, आई, तुझ्या ओळी शेळी चालून गेल्यासारख्या दिसतात. दिसू देत. तुमच्यापर्यंत चालत पोचल्या म्हणजे झालं.

मागचे दोन शुक्रवार जेवण आलं नाही म्हणून तुम्ही चिडलात असा निरोप मिळाला. चिडा. चार वर्षं दर शुक्रवारी डोक्यावर टोपली घेऊन चार तास चालत आले, फाटकाशी उन्हात उभी राहिले, तेव्हा कुठं तुमचं तोंड दोन मिनिटं दिसायचं, तेही शिपाई कानाशी उभा असताना. आता मंडळाच्या कामाचा वार शुक्रवारच पडला आहे. यापुढे एक आड एक शुक्रवार तुमची आई टोपली घेऊन येईल. तिला यायचंच असतं, फक्त मी म्हटलं की नको असतं.

मंडळ घरं बांधतं. चौऱ्याण्णवच्या कत्तलीत ज्यांचे नवरे मारले गेले त्या, आणि त्या कत्तलीपायी ज्यांचे नवरे तुरुंगात आहेत त्या आम्ही, एकाच मंडळात. पहिल्या महिन्यात कोणी कोणाच्या शेजारी बसत नव्हतं. पण भिंतीचा चिखल तुडवायला दहा पाय लागतात, आणि चिखलात उतरल्यावर कुठला पाय कोणाचा ते कळत नाही. शिवाय या टेकडीवर पुरुष उरलेत किती? थार्सिस मास्तर, दोन म्हातारे, आणि तो दारुडा लुकास. त्याला शिडीवर चढवला तर आधी त्यालाच पुरावं लागेल.

मंडळाची प्रमुख वेनेरांदा आहे. हो, तीच, एरास्त कौलवाल्याची बायको, आपल्या वरच्या अंगाला राहायची ती. तिच्याशी बोलू नकोस असं तुम्ही बजावलं होतंत. बोलत नाही. ती म्हणते "खिळा दे", मी खिळा देते. याला कोणी बोलणं म्हणत असेल तर म्हणो.

आणखी एक. मी शिडी चढले. छपरावर बसून वासे ठोकले. वासे सरळ बसले.

ही पत्रं तिथले साहेब आधी वाचतात हे मला ठाऊक आहे. नमस्कार साहेब.

डोनाटा


२२ एप्रिल २००१

अहो इमेल्डाच्या बाबा,

तुमचं पत्र मिळालं. चार पानं! चार वर्षांत मिळून एवढं लिहिलं नव्हतंत. नवरा जिवंत असताना बाई छपरावर चढली तर नवऱ्याचा घात होतो, हे मला ठाऊक आहे. बाईनं गाईचं दूध काढायचं नाही, शीळ घालायची नाही, छपरावर चढायचं नाही, सगळं ठाऊक आहे. माझ्या आईनं मला हेच शिकवलं. पण पाऊस बाईच्या डोक्यावर पडायचा थांबतो का, ते तिनं शिकवलं नाही.

तुमच्या आईनंच चुगली केली असणार. त्या दिवशी ती शिडीखाली उभी राहून छाती बडवत होती. "उतर खाली, निर्लज्जे! माझ्या लेकाच्या मुळावर उठलीस?" आढ्यावर वेनेरांदा बसली होती, ती वरून म्हणाली, "आजी, तुमचा लेक आधीच आत गेलाय. याहून आत कुठं जाणार?" बायका अशा हसल्या की एकीच्या तोंडातले खिळे खाली पडले. तुमच्या आईचंसुद्धा तोंड वाकडं झालं हसू दाबताना. वेनेरांदा मात्र हसली नाही. ती पुढचा वासा मोजत होती.

एक गोष्ट बोलू का? त्या एप्रिलमध्ये तुम्ही रोज सकाळी कोयता घेऊन बाहेर पडायचात, त्याबद्दल आजवर चार ओळी लिहिल्या नाहीत. आणि माझ्या छपराबद्दल चार पानं. साहेबांनी हे खोडलं तरी चालेल, मी लिहिलं एवढं मला पुरे.

कत्तलीत गेलेल्यांच्या शोकाचा आठवडा झाला. यंदाही चर्चमागे सापडलेल्यांना पुरलं. एरास्त पंच्याण्णवमध्येच सापडला होता, नाक्याजवळच्या चरात. त्यांची सोलांज अजून सापडलेली नाही. आत्ता असती तर सोळा वर्षांची असती. वेनेरांदा दर वर्षी एक पांढरं कापड घेऊन पुरायच्या जागी येते, आणि त्याची घडी न मोडता परत नेते. लोक अजून तिला सोलांजची आई म्हणतात. मी नाही म्हणत, वेनेरांदा म्हणते. माझ्या तोंडून ते नाव निघत नाही.

छपरावरून सगळी टेकडी दिसते हो. आपण इतकी वर्षं राहिलो, पण मी टेकडी कधी अशी पाहिलीच नव्हती. चर्च दिसतं, ज्वारीची वावरं दिसतात, आपलं घर दिसतं. आपल्या घरावरची कौलं दिसतात. घरामागची केळ दिसते. यंदा पावसानं दगा दिला, सगळ्यांच्या बागा पिवळ्या पडल्यात, आणि ती एकटी काळीभोर हिरवी उभी आहे. वेनेरांदाच म्हणाली, "डोनाटा, तुझी ती मागची केळ बघ की काय माजलीये! खत कसलं घालतेस गं?"

माझ्या हातातला हातोडा खाली पडला. नशीब, खाली कोणी नव्हतं.

मी म्हटलं, चुलीतली राख घालते.

डोनाटा


१६ सप्टेंबर २००१

अहो इमेल्डाच्या बाबा,

मी आपल्या घराची कौलं उतरवली. तुमच्या कानावर गेलंच असेल, तुमची आई मागच्या शुक्रवारी आली होती. तरी माझ्या तोंडून ऐका.

आता वेनेरांदाच्या घराची पाळी होती. तिच्याच जुन्या जागेवर भिंती उभ्या केल्या, वासे टाकले, आणि कौलांशी येऊन गाडं अडलं. एरास्त जिवंत होता तेव्हा सगळ्या टेकडीला कौलं भाजून द्यायचा, आणि त्याच्याच घराला कौल नाही. सगळ्या बायका माझ्या डोक्यावरून आपल्या घराकडे बघत होत्या.

एरास्त ओल्या कौलाच्या कडेला अंगठा दाबायचा, आठवतं? ही माझी खूण म्हणायचा. तुम्ही ती कौलं त्या मे महिन्यात वाहून आणलीत आणि आपल्या घरावर घातलीत. तेव्हापासून खाटेवर उताणं पडलं की माझ्या डोळ्यांसमोर त्याचे अंगठे असायचे. मी कुशीवर झोपायला शिकले.

तर चढले आणि एकेक काढलं. इमेल्डा खालून झेलत होती. तिनं विचारलं, "आई, ही आपली नाहीत?" मी म्हटलं, "नाहीत." "मग कोणाची?" "ज्यांची होती त्यांना देतोय." चौदा वर्षांची पोर, तिनं पुढच्या कौलासाठी हात पुढे केले. तुमची आई अंगणात बसून शिव्यांची माळ ओढत होती. "अंगावरचं लुगडंही दे सोडून! माझा लेक येईल तेव्हा गवताखाली निजेल का?" मी म्हटलं, "आत्ता निजतो ना सिमेंटवर, गवत मऊ लागेल."

टोपल्या घेऊन गेले. वेनेरांदानं एक कौल उचललं, ठशावर आपला अंगठा ठेवला. तिच्या अंगठ्याच्या बाजूनी जागा उरली. म्हणाली, "दोन वर्षं बघतेय तुझ्या छपराकडे. वाटलं होतं आणखी दोन लागतील." मग कौल खाली ठेवून माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "आणखी काही आहे का तुझ्याकडे आमचं?"

मी म्हटलं, नाही.

छप्पर पुरं झालं की घरधनीण सगळ्यांना पाजते, पण ती एकटी कुठून पाजणार, म्हणून प्रत्येकीनं काही ना काही आणायचं ठरलं. माझ्यावर केळ्याची दारू आली. आणि बाग तर वाळलेली. घड होते ते फक्त मागच्या केळीला. मी म्हटलं, ज्वारीची करू. तुमची आई म्हणाली, "ज्वारी खायला पुरेना, चालली दारू करायला! एवढे घड लोंबतायत ते काय शोभेला?" आणि तिनंच कोयता मारला. केळी पिकवायचा नवा खड्डा मी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला खणला आहे, त्यात घड रचले, वर पानं, वर माती. चौथ्या दिवशी उघडला. कुस्करलं मी, गाळलं तिनं.

आपली रीत तुम्हाला काय सांगायची. ज्यानं दारू आणली त्यानं पहिला घोट घ्यायचा, म्हणजे विष नाही हे सगळ्यांना कळतं. मी मडक्यातली नळी तोंडात धरली, घोट घेतला. मग तीच नळी वेनेरांदाकडे गेली. तिनं डोळे मिटून लांब घोट घेतला. म्हणाली, "काय गोड आहे गं!" आणि परत प्याली.

मी घरामागे जाऊन ओकले. बायका म्हणाल्या, उन्हात छपरावर बसल्यानं झालं.

आता आपल्या घरावर गवत आहे.

डोनाटा


२० ऑक्टोबर २००२

अहो इमेल्डाच्या बाबा,

वर्षभर पत्र नाही म्हणून रागावला असाल. टोपली तर येत होती.

तुमच्या आईनं तुमचा निरोप सांगितला, तोही दार लावून. "मी कौलांचं कबूल केलंय. फक्त चोरी. नव्या वर्षात आमच्यासारख्यांना सोडणार आहेत. डोनाटाला सांग, झाकली मूठ झाकलेलीच ठेव." ती हे सांगताना रडत होती. सहा वर्षांत तिला एवढं खुश मी पाहिलं नव्हतं. लेक घरी येणार म्हणून तिनं तुमची चादर धुऊन वाळत घातली आहे, तीन महिने आधीच.

गवतावरची न्यायसभा आपल्या टेकडीवर सुरू झाली. न्यायाधीश मागच्याच वर्षी निवडले. जो पसंत असेल त्याच्या पाठीमागे लोकांनी जाऊन उभं राहायचं, ज्याच्यामागे रांग लांब तो निवडला. सगळ्यात लांब रांग वेनेरांदाच्या मागे होती. त्या रांगेत मीही होते. तुमची आई घरी आल्यावर म्हणाली, "चुलीपुढच्या बाया आता पुरुषांना फाशी देणार!" फाशी नाही देत हो. विचारतात आणि लिहून घेतात. दर बुधवारी निलगिरीखाली बसायचं आणि एकेका घराचं नाव घ्यायचं, त्या घरातलं कोण गेलं, कसं गेलं, कोणी पाहिलं.

आणि जमिनीच्या कचेरीतून एक बाई आली होती. मुलींनाही आता बापाच्या जमिनीत वाटा आहे, कायदाच झाला आहे, कोणाला काय ते आत्ताच ठरवून ठेवा म्हणाली. आपला तेओ काँगोत निर्वासितांच्या छावणीत हगवणीनं गेला, तेव्हा वाटेकरी इमेल्डा एकटीच. तिनं टुणकन उडी मारली. "मला घरामागची केळ हवी! तिथं मी घर बांधणार, स्वतः, आईसारखं." पाया खणायची गोष्ट करत होती हो. कुठून कुठवर ते पावलांनी मोजून दाखवत होती त्या बाईला.

म्हणून हे पत्र. मी अजून कुणाजवळ काही बोललेले नाही. तुम्ही आधी बोला. आपण होऊन लिहून दिलं तर शिक्षा निम्मी होते म्हणतात. तुमच्याकडे कागद आहे, सहावीपर्यंत शाळा आहे. वेनेरांदाच्या घराचं नाव नोव्हेंबर संपल्यावर येणार. तोवर मी थांबते.

डोनाटा


८ डिसेंबर २००२

गास्पार,

आज 'अहो' लिहवत नाही. तू लिहिलं नाहीस. मी थांबले, महिना संपला, तू लिहिलं नाहीस.

हे पत्र रताळ्यांच्या खाली केळीच्या पानात आहे. टोपली तुझी आई आणतेय. माझ्या हातून घेतली नाही तिनं. मी उंबऱ्यावर ठेवली, ती माझ्याकडे न बघता उचलून चालू लागली. तिला वाचता येत नाही, म्हणून तिच्याकडे दिलंय. साहेबांच्या हाती लागू देऊ नकोस.

बुधवारी वेनेरांदाच्या घराचं नाव पुकारलं. तिनं गळ्यातला न्यायाधीशाचा पट्टा काढला, शेजारणीच्या मांडीवर ठेवला आणि खाली गवतावर आमच्यात येऊन बसली. स्वतःच्या घराचा न्याय स्वतः करायचा नाही असा नियम आहे. एरास्तचं झालं. मग सभेचं लिहून घेणाऱ्या थार्सिस मास्तरांनी विचारलं, "सोलांजबद्दल कोणाला काही ठाऊक आहे?" सगळे गवत उपटत बसले. मी उठले. तुझ्या आईनं माझं वस्त्र धरून ओढलं. "बस खाली. सोडतायत गं त्याला. घर बुडवशील." मी म्हटलं, "आई, घर तेव्हाच बुडलं." आणि पुढं गेले.

काय सांगितलं ते तुला कळायला हवं, कारण ते तुलाही विचारणार आहेत.

सांगितलं, की त्या दिवशी दुपारी सोलांज आपल्या मागच्या दारी आली. तिचा बाप नाक्यावर पडला होता, आई कुठं आहे ते तिला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांची. आपल्या इमेल्डाला दोरीवरच्या उड्या तिनंच शिकवलेल्या. म्हणाली, "मावशी, मला इथं बसू दे." मी तिला केळी पिकवायच्या खड्ड्यात ठेवली. चार घड बाहेर काढले, तिला जागा केली, वर पानं घातली, माती घातली नाही, श्वास घेता यावा म्हणून. खड्ड्यात ऊब असते, पोर थरथरत होती. मला वाटलं, घर उचकतील, कोठार उचकतील, केळ्यांचा खड्डा कोण उघडतो?

मूर्ख बाई. माणसं दिवसभर कोयते चालवून आली की त्यांना काय लागतं? दारू लागते. आणि खड्डा तू भरलास त्याला तो चौथा दिवस होता. मी तिसरा धरून बसले होते. तेव्हा ना बाजार भरत होता ना चर्चमध्ये मिस्सा होत होती, दिवस मोजायचे कशानं? जन्मभर केळी पिकवली, कधी एका दिवसाची चूक केली नाही. तेव्हा केली.

तू आणि तुझ्याबरोबर कोयते घेऊन फिरणारे ते तिघे मागच्या अंगणात आलात. तू म्हणालास, "केळी झाली असतील, काढू या." मी दारात घेवडा सोलत बसले होते. मला एवढंच म्हणायचं होतं, "अजून कच्ची आहेत, उद्या काढा." गास्पार, एवढंच. तू ऐकलं असतंस. केळ्यांच्या बाबतीत तू माझं नेहमी ऐकायचास. मी घेवडा सोलत राहिले. सभेत मी हेसुद्धा सांगितलं, हातचं काही राखलं नाही. कोणाचा कोयता ते मी पाहिलं नाही, तोवर मी मान खाली घातली होती. ते तू सांग. मग तू खड्डा बुजवलास, आणि दुसऱ्या दिवशी म्हणालास, "यावर केळ लाव." मी लावली. या हातांनी लावली, पाणी घातलं.

मास्तर लिहायचे थांबले होते, त्यांना दोनदा सांगावं लागलं. या खेपेला क्षेम नाही लिहिलं त्यांनी.

त्याच दुपारी खणलं. मंडळाच्या बायका आपापल्या कुदळी घेऊन आल्या. आधी केळ तोडली, घडासकट. मला हात लावू दिला नाही. पोर फार खोल नव्हती रे. तिची हिरवी प्लॅस्टिकची चप्पल तशीच्या तशी होती, एका पायाची. वेनेरांदानं आठ वर्षांनी त्या पांढऱ्या कापडाची घडी मोडली. कापड तिनं नऊ वर्षांच्या पोरीच्या मापाचं आणलं होतं. केवढं मोठं झालं ते.

इमेल्डा सगळं बघत उभी होती. चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. थार्सिस मास्तरांच्या बहिणीकडे राहते. जमिनीच्या कचेरीत जाऊन तिनं सांगितलं म्हणे, मला त्या घराचा वाटा नको.

मला उद्या सोमवारी पोलीस कचेरीत बोलावलंय. आठ वर्षं लपवल्याबद्दल. काय होईल ते सांगता येत नाही. कदाचित भिंतीच्या पलीकडे बायकांच्या बाजूला येईन. मग तुझी आई दोन टोपल्या आणणार नाही हे नक्की.

शुक्रवारी कामाला गेले. वेनेरांदा छपरावर होती. मी शिडीला हात लावला तशी ती वरून म्हणाली, "तू नको." मी परत आले. तिनं माफ करावं असं मी म्हटलं नाही, कोणत्या तोंडानं म्हणू?

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते लिहिते.

त्या दिवशी पोरीला कापडात गुंडाळल्यावर सगळ्या मागे सरल्या. वेनेरांदा खड्ड्याच्या कडेला बसली होती. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तुम्ही पानं काढलीत तेव्हा ती झोपली होती का?"

मी म्हटलं, "हो."

"आत ऊब असते ना."

"हो."

"तिला उबेत लगेच झोप लागायची. पाठीवर बांधलं की दहा पावलांत मान टाकायची."

मी म्हटलं, "गाढ झोपली होती. तिला काही कळलं नाही."

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत होती.

सगळं खरं सांगून झाल्यावर ही एक थाप मारली मी, आणि तिचा मला पश्चात्ताप नाही. तुला ठाऊक आहे, ती झोपली नव्हती. तू पानं बाजूला केलीस तेव्हा तिला वाटलं मीच आले. तिनं दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून, आणि म्हणाली, "मावशी, गेले का ते?" बाकीचे तिघे काँगोत मेले. हे ऐकलेले जगात आता आपण दोघंच उरलो.

तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही. लग्नातसुद्धा नाही. आता मागते. तुला त्या गवतावर आणून उभा करतील. सगळं कबूल कर, कोयता कोणाचा ते सांग, माझं नाव घे, मला काय म्हणायचं ते म्हण. पण वेनेरांदा तुझ्यासमोर येऊन बसेल आणि तुलाही हेच विचारेल, झोपली होती का.

म्हण, झोपली होती.

डोनाटा